प्रति: सबसिडीच्या भरवशावर धंदा
सबसिडी मिळाली की त्यातूनच माल भरायचा असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय ते पटलं नाही. पीएमईजीपीत (नवा उद्योग काढायला बँक कर्जावर सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना) सबसिडी हातात येतच नाही, बँकेत 3 वर्षं ठेव म्हणून राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि युनिट खरंच चालू आहे हे तपासून मगच ती कर्जात वळती होते.

उदगीरला माझ्या मावसभावानं छोटी दालमिल टाकली, मशीनला कर्ज मिळालं पण खरी ओढाताण खेळत्या भांडवलाची, म्हणजे माल घ्यायला अन् रोजच्या खर्चाला लागणाऱ्या पैशाची झाली, कारण तूर सीझनला रोखीनं घ्यावी लागते अन् किराणावाले डाळ उधारीवर नेतात. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये खेळतं भांडवल धरूनच घ्या, पण दालमिल सुरू नक्की करा, आपल्याकडची तूर आपल्याकडंच भरडली गेली पाहिजे.