प्रति: रशियन दाखल्याचं इंग्रजी भाषांतर

रशियन शाळेच्या दाखल्यातल्या ५ या गुणाला भाषांतरात थेट १०० टक्के लिहा, असा सल्ला इथे कुणी दिलाय, तो कृपया मानू नका. रशियात ५ सर्वोत्तम, ३ काठावर पास आणि २ म्हणजे नापास. भाषांतरात आकडा आणि शेजारचा शेरा जसाच्या तसा आणायचा. टक्केवारी काढणं विद्यापीठाचं काम.

अकरावीनंतरच्या ‘अतेस्तात’मध्ये (शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्यात) विषयवार गुण नसतात, ते सोबतच्या पुरवणीत असतात. दोन्ही कागद द्या, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं, नाहीतर एकाच मुलाची कागदोपत्री दोन माणसं होतात!

अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर घ्यायचं सरकारी प्रमाणन) लागणार असेल तर आधी मूळ दाखल्यावर घ्या, मग भाषांतर. उलट केलंत तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि अनुवादकाला पुन्हा पैसे.