नवं घर, नेट अजून यायचंय: तोवर काय काय करता?

खोकी उघडताना जुन्या लँडलाइनचा डबा हाती लागला आणि फोनसाठी ताटकळायचे दिवस आठवले. आता नेटची तीच गत. जोडणीवाला यायच्या आधी काय उरकायचं, लिहा. माझ्याकडून एक: भिंतीतल्या पाइपात वायर ओढायची स्प्रिंग आधीच घालून बघा. काटकोनी बेंड असेल तर तिथेच अडकते. दोरी ओवून ठेवलीत तर दोन्ही टोकं बांधून टाका, नाहीतर आत सटकते.

—

तोवर हॉटस्पॉटच. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा जोर सांगणारा डीबीएमचा आकडा असतो. उणे ९० म्हणजे छान, उणे ११० ला रडगाणं, उणे १२० ला विसरा. प्रत्येक खोलीत बघा, खिडकी उघडून आणि लावून. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो.

—

लॅपटॉप एकच असेल तर फोन यूएसबी केबलने जोडा. वायफायपेक्षा स्थिर, फोन चार्जही होतो. आणि विंडोजमध्ये ती जोडणी 'मीटर्ड' (मोजक्या डेटाची) करा, नाहीतर अपडेट डेटा फस्त करतं.

—

अपडेटला मुहूर्त बरोब्बर सापडतो 😀

—

अवांतर: खोक्यावर खोलीचं नाव बाजूला लिहा, वर नको. एकावर एक रचली की वरचं दिसत नाही.

—

+१. राउटरचा अडॅप्टर राउटरच्याच खोक्यात, हेही लिहा.

—

फायबर असेल तर कनेक्टरचा रंग बघा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं, निळ्याचं तसं नसतं. हिरव्यात निळा बसतो, पण टोकं नीट टेकत नाहीत, फट राहते आणि प्रकाश वाया जातो. 'लॉस'चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला की आधी केबल कुठे मुडपलीय ते शोधा. बहुतेकदा कपाट भिंतीला सरकवलेलं असतं! साध्या फायबरला ३० मिमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नको, जी.६५७ए२ प्रकारची ७.५ मिमीपर्यंत चालते. जोडणीवाल्याला प्रकाश मोजायचा मीटर लावायला सांगा: उणे १५ ते उणे २५ डीबीएम उत्तम, उणे २७ च्या खाली गेलं की तुटत राहणार. उघड्या टोकात डोकावू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही.

—

काका, एवढं सगळं फोनवर टाइप केलंत? 🙏

—

कुकर होईपर्यंत वेळ असतो हो.

—

प्लॅन मोठा आणि लॅन केबलवर वेग १०० एमबीपीएसलाच अडकला, तर प्लगमधल्या तारा मोजा. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. १, २, ३, ६ क्रमांकाच्या एवढ्याच लागल्या असतील तर १०० च्या वर जात नाही. क्रम: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

—

फायबरवर लँडलाइन घेणाऱ्यांनो, वीज गेली की तीही बंद. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, काचेच्या तंतूतून वीज येत नाही. छोटा यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट अगदी तेच हवेत, बहुधा १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचं धन-ऋणही जुळवा.

—

राउटर टीव्हीमागे लपवला तर चालेल का? दिसायला बरं दिसतं.

—

नको ताई. टीव्हीच्या मागे धातूचा पत्रा असतो.