मदत हवी आहे: तपकीर गल्लीत नव्या आयपॅड मिनीचं कव्हर आलंय, म्हणजे टॅब येतोय का? (बाबांसाठी घ्यायचाय)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

बाबा ७४ वर्षांचे, पुण्यात नारायण पेठेत राहतात. दिवसातले चार-पाच तास वाचन, आणि तेही आडवं पडून, टॅब छातीवर टेकवून. सकाळी ई-पेपर, दुपारी शब्दकोडं आणि रात्री त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेले जुने दिवाळी अंक, म्हणजे पिवळ्या पानांचे स्कॅन केलेले पीडीएफ. मोठा फोन घेऊन देतो म्हणलं तर म्हणतात, फोनवर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून बघणं. तर त्यांचा जुना टॅब (कंपनीचं नाव नको, दहा वर्षं चालला, तक्रार नाही) गेल्या आठवड्यापासून टेबलावर डुगडुगायला लागला. मला वाटलं कव्हर वाकलं असेल, काढून बघतो तर पाठ फुगलेली आणि एका बाजूनं काच फ्रेममधून इतकी वर आलेली की फटीतून आतला उजेड दिसतो. बाबा म्हणाले "वाचता येतंय ना मग काय झालं" आणि त्याला रबरबँड लावला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर दोन रबरबँड.

म्हणून नवीन घ्यायचाय. बजेट पन्नास हजारांपर्यंत. आता घोळ असा की माझा भाचा, सेकंड इयरला आहे आणि अभ्यास सोडून जगातले सगळे लीक्स (लाँचआधी फुटलेल्या बातम्या) त्याला तोंडपाठ, तो म्हणतो मामा आत्ता आयपॅड मिनी घेऊ नकोस, पुढच्या मिनीला ओएलईडी (जास्त उठावदार रंगांचा) पडदा येणार आहे, आणि घडीचा आयफोन पण येणार आहे, तो उघडला की छोटा टॅबच होतो, मग आजोबांना तोच घेऊ. मी त्याला म्हणलं येणार येणार तर मी सगळ्याच गोष्टींबद्दल ऐकतो, त्यात काय. पण काल तपकीर गल्लीत चार्जर घ्यायला गेलो होतो तर एका दुकानात चक्क "न्यू मिनी" लिहिलेलं कव्हर लटकत होतं, कॅमेऱ्याचं भोक वेगळं, बटणांच्या जागा वेगळ्या. विचारलं हे कुठल्या मॉडेलचं, तर दुकानदार म्हणाला "साहेब, माल आधी आपल्याकडे येतो, कंपनीला नंतर कळतं."

तर प्रश्न असा, की कव्हर बाजारात आलं म्हणजे टॅब खरंच तोंडावर आलाय असं समजायचं का? दोन-तीन महिने थांबायला माझी ना नाही, पण बाबांना विनावाचन ठेवणं म्हणजे घरात रोज संध्याकाळी भांडण.

– धागाकर्ता

कोथरूडकर:
आधी ते रबरबँड काढा आणि तो टॅब बंद करा हो!! फुगलेली बॅटरी म्हणजे आत गॅस धरलाय, दाबला किंवा काही टोचलं तर पेटू शकते. चार्जिंगला अजिबात लावू नका. अंथरुणात घेऊन वाचणं तर आजपासून बंद. टॅबचं नंतर बघू.

पेठेतलाच:
कव्हरवर भरवसा ठेवू नका, अनुभवाचे बोल. २०११ आठवतंय का कुणाला? आयफोन ५ पाण्याच्या थेंबासारखा एका बाजूला निमुळता येणार अशी हवा होती, कव्हरवाल्यांनी साचे पाडले, कव्हरं विकायला सुद्धा आली. आणि ऑक्टोबरात आला कोण, तर ४एस, दिसायला डिट्टो आयफोन ४. ते कव्हर त्याला बसणार कसं! मी हौसेनं घेतलं होतं एक, त्यात अजून घरातल्या किल्ल्या ठेवतो. २०२१ ला तसंच, ॲपल वॉच सिरीज ७ चपट्या कडांचं येणार म्हणून चित्रं काय, नकली घड्याळं काय, आणि आलं ते गोल कडांचंच. कव्हरवाल्याला पहिल्या दिवशी माल हवा असतो म्हणून तो जुगार खेळतो, लागला तर लागला.

लीकबहाद्दर:
सगळेच लीक खोटे नसतात हं. २०१० मध्ये आयफोन ४ चा नमुना कॅलिफोर्नियात एका बारमध्ये विसरला गेला होता, तो फोटोसकट छापून आला आणि फोन तसाच निघाला. गुगलच्या पिक्सल ६ फोनची कॅमेऱ्याच्या आडव्या पट्टीची चित्रं पण लाँचच्या कितीतरी महिने आधी आलेली, तशीच निघाली. माझा हिशोब असा, डिझाइनचं लीक लाँच जवळ आलं की बहुतेक खरं असतं, तारखेचं लीक मात्र कधीच धरू नये. आणि कुणी म्हणालं की बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) यादीत दिसला, तर तिथं फक्त मॉडेल नंबर असतो, आकार नाही, किंमत नाही, तारीख नाही.

भाच्याचं ओएलईडीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, आयपॅड प्रोला मे २०२४ मध्ये तो पडदा आलाच आहे. पण मिनीचा इतिहास बघा. २०१२ ते २०१५ दरवर्षी आली, आणि मग चौथीनंतर पाचवी थेट मार्च २०१९ ला. सहावी सप्टेंबर २०२१, सातवी ऑक्टोबर २०२४. म्हणजे तीन तीन वर्षं लोक "पुढच्या महिन्यात येतेय" म्हणत बसलेले, त्यात मीही होतो. आणि सातवी आली तेव्हा बाहेरून सहावीच, आत फक्त चिप नवी आणि ६४ च्या जागी १२८ जीबी. नव्या डिझाइनसाठी थांबलेल्यांचे चेहरे बघायला हवे होते.

धागाकर्ता:
बापरे, धन्यवाद. टॅब बंद करून काढून घेतला, बाबांनी माझ्याशी बोलणं बंद केलंय. घडीच्या फोनचं काय? भाचा ऐकत नाहीये.

पेठेतलाच:
बाबा नवीन वस्तूवरचं प्लास्टिक सोलतात का हो? २०१९ ला सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, फोल्ड, आला तेव्हा परीक्षणाला दिलेल्या फोनवरचा वरचा थर काही पत्रकारांनी स्क्रीनगार्ड समजून सोलला आणि पडदाच गेला. एप्रिलचं लाँच सप्टेंबरवर गेलं. आता सुधारलेत, पण दिवाळी अंक वाचायला तेवढे पैसे घालायचे म्हणजे...

धागाकर्ता:
बाबा फ्रिजच्या हँडलवरचं प्लास्टिक सोलतात, घड्याळावरचं सोलतात, रिमोट तर विचारूच नका. घडी रद्द.

ताईगिरी:
मी आईसाठी हेच केलंय म्हणून लिहिते. आडवं पडून वाचणाऱ्याला पहिलं वजन बघा, बाकी सगळं नंतर. मिनी २९३ ग्रॅम आहे, साधा आयपॅड पावणेपाचशेच्या पुढे, झोप लागली की नाकावर पडतो, आईच्या पडलाय. स्वस्तात हवा तर सॅमसंगचा टॅब ए९, तो ३३२ ग्रॅम, पण त्याचा पडदा १३४० बाय ८०० चा, साध्या बातम्यांना ठीक, जुन्या स्कॅनमधली जोडाक्षरं मात्र चिकटतात, "द्ध" आणि "द्व" ओळखू येत नाही, मग दर ओळीला झूम करत बसायचं. स्वतःचे पीडीएफ पेनड्राईव्हवर घेऊन जा आणि दुकानात उघडून बघा, डेमोमधले डोंगर-तलाव बघून घेऊ नका. कोरेगाव पार्कात ॲपलचं स्वतःचं दुकान सप्टेंबर २०२५ पासून आहे, तिथं हातात घेऊन बसू देतात.

धागाकर्ता (अपडेट):
रविवारी बाबांना रिक्षात घालून कोरेगाव पार्कला नेलं. जाताना सगळा रस्ता "एवढ्या लांब वाचायला जातात का कुणी" चालू होतं. तिथं गेल्यावर त्यांनी दुकानातल्या मुलाकडे खुर्ची मागितली, पाठ टेकून जवळजवळ आडवे झाले, मिनी छातीवर ठेवली आणि एका जुन्या दिवाळी अंकातली अख्खी कथा वाचून काढली. मी आणि तो मुलगा उभे. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पानाचा पिवळा रंगसुद्धा नीट दिसतो रे."

घेतली. १२८ जीबी, ४९,९०० किंमत सांगितली. भाच्यानं आजोबांना फोन करून सांगितलं की सहा महिन्यांत पस्तावाल, तर बाबा म्हणाले सहा महिन्यांत माझे चाळीस अंक वाचून होतात. प्लास्टिक दारातच सोललं.

आता दुसरा प्रश्न. फुगलेला टॅब कोथरूडकरांचं ऐकून गॅलरीत रिकाम्या मातीच्या कुंडीत ठेवलाय, आई तुळस लावायला कुंडी मागतेय. फुगलेल्या बॅटरीसकट ई-कचरा पेठेच्या जवळपास कोण घेतं? भंगारवाल्याला विचारलं तर तो हातोडीनं उघडून बघू का म्हणाला, त्याला परत पाठवलंय.