सुयोग अपार्टमेंट : फक्त कामाचे मेसेज

शनिवार, ३ ऑगस्ट २०१९

अर्चना गावंडे (३०२), सकाळी ८:१२
राऊत साहेब, नमस्कार. लिफ्टजवळच्या फळ्यावर तुम्ही काय लावलंय ते मला पुण्यात बसून भाडेकरूंकडून कळावं? मुलांनी फोटो पाठवलाय. "नवीन दहशतवादविरोधी कायद्यानुसार सोसायटीतील संशयास्पद भाडेकरू : फ्लॅट क्र. ३०२." खाली तिघांची पूर्ण नावं. त्यातलं एक चुकीचं, ते असो. हे कोणत्या मीटिंगमध्ये ठरलं?

भोयर (खजिनदार), ८:१३
सुप्रभात. उद्याच्या टँकरचे प्रति फ्लॅट २०० रुपये अजून आले नाहीत : १०३, २०२, ३०२, ४०३.

अर्चना (३०२), ८:१५
भोयर भाऊ, एक मिनिट थांबता का?

राऊत (सेक्रेटरी), ८:२१
गावंडे मॅडम नमस्कार 🙏 वैयक्तिक घेऊ नका. काल संसदेत कायदा पास झाला. आता संघटनाच नाही, एकेका माणसाले पण दहशतवादी म्हणता येते. उद्या काही झालं तर पोलिस सेक्रेटरीले उचलतात. मालक पुण्यात, सापडणार मी.

अर्चना (३०२), ८:२४
पोलिस ठाण्यात भाडेकरूंची माहिती मी जूनमध्येच दिली. शिक्का मारलेली प्रत तुमच्या हातात दिली. तुम्ही चहासुद्धा पाजला होता.

राऊत (सेक्रेटरी), ८:२९
प्रत आहे. नाही म्हणतच नाही. पण तिघंही गडचिरोलीकडचे. १ मे ले तिकडं जांभूळखेड्यात नक्षल्यांच्या स्फोटात आपले १५ पोलिस गेले, तीन महिने झाले फक्त. अन् मागच्या बुधवारी रात्री अडीच वाजता हे पोट्टे पोती चढवून राहिले होते वर. वॉचमनने डोळ्यांनी पाह्यलं. पोत्यात काय आहे विचारलं तर हसले.

नीलेश (४०३), ८:३१
फॉरवर्ड केलेला मेसेज : *अत्यंत महत्त्वाचे. आजपासून नवीन कायदा लागू. अतिरेक्याला घर देणाऱ्याचा फ्लॅट जप्त, पूर्ण सोसायटी सील. ग्रुप ॲडमिनलाही अटक. १० ग्रुपवर पाठवा.*

नीलेश (४०३), ८:३१
ज्यानं काही केलं नाही त्याला कशाची भीती?

तन्मय (४०१), ८:३३
ॲडमिन राऊत काका आहेत. मी भ्यायलो नाही, त्यांनी भ्यावं.

सुनीता काकू (२०१), ८:४०
आज नळ किती वाजता येणार हो? काल नव्हताच.

वानखेडे काका (१०१), ९:०५
सर्वांस नमस्कार. मी वकील नाही, कोर्टाच्या कचेरीत हयात गेली एवढंच. बोटं जाड आहेत, चुकलं तर समजून घ्या. नीलेशनं पाठवलेलं खोटं आहे. कायदा आजपासून लागू नाही, राष्ट्रपतींची सही व्हायची आहे. लोकसभेत २४ जुलैला २८७ विरुद्ध ८, राज्यसभेत काल १४७ विरुद्ध ४२. आणि हा कायदा नवीनही नाही, १९६७ चा आहे, बेकायदा कारवाया रोखण्याचा, यूएपीए म्हणतात तो. ही दुरुस्ती आहे.

वानखेडे काका (१०१), ९:०९
आसरा देणाऱ्याला शिक्षा आहे, कलम १९, तीन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण तो माणूस दहशतवादी आहे हे ठाऊक असताना आसरा दिला तर. आणि ते कलम कालचं नाही, जुनंच. सोसायटी सील वगैरे कुठंही नाही.

तन्मय (४०१), ९:११
काका, बायकोने नवऱ्याला लपवलं तर?

वानखेडे काका (१०१), ९:१२
हसू नकोस. तशी सूट खरंच आहे त्या कलमात. नवरा-बायकोला ते लागत नाही.

तन्मय (४०१), ९:१२
मग लग्न करतोच आता. आई, वाचून राहिली ना?

अग्रवाल (१०३), ९:२०
भाऊ, मस्करी ठीक आहे. मी तेव्हा आपल्या नागपूरच्या महाल भागात राहायचो. १ जून २००६, पहाटे संघ मुख्यालयाकडं गोळ्या चालल्या. लाल दिव्याची पांढरी अँबेसिडर, अंगावर पोलिसांचे कपडे. तिघं मारले गेले. आमची आई दोन दिवस खिडकी उघडायला तयार नव्हती. कायदा कडक पाहिजेच. ज्यानं ते ऐकलं नाही त्याला नाही समजणार.

नीलेश (४०३), ९:२१
एकदम बरोबर भैया. ज्यानं काही केलं नाही त्याला कशाची भीती?

प्रज्ञा (३०४), ९:३४
अग्रवाल काका, त्या रात्रीची भीती खरीच आहे, त्यावर वाद नाही. पण ते तिघं कोण हे ठरवायला कुणाला यादी लागली नव्हती. कालच्या दुरुस्तीत काय आहे ते बघा : माणसाचं नाव चौथ्या अनुसूचीत, म्हणजे दहशतवाद्यांच्या यादीत, घालायला आरोपपत्र नको, खटला नको, निकाल नको. सरकारला वाटलं की नाव आत. काढायचं असेल तर अर्ज करायचा त्याच सरकारकडे. त्यांनी नाकारला तर मग आढावा समिती, तिचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती. तोवर शेजारी, नोकरी, घरमालक यांनी काय करायचं ते करून घेतलेलं असतं.

तन्मय (४०१), ९:३७
आपल्याकडेही तीच सिस्टिम. नोटीस राऊत काकांची, अर्ज राऊत काकांकडे. आढावा समिती : भोयर काका. सुनावणीआधी २०० रुपये भरा.

भोयर (खजिनदार), ९:३८
१०३, २०२, ३०२, ४०३.

राऊत (सेक्रेटरी), ९:४५
प्रज्ञाताई, तुम्ही शिकलेल्या आहा. पण ग्रुपच्या नियमात राजकारण बसत नाही.

प्रज्ञा (३०४), ९:४६
फळ्याच्या नियमात बसतं का?

नीलेश (४०३), ९:५०
यांच्या विद्यापीठातल्या इंग्रजीच्या हेडबाई गेल्या वर्षी याच कायद्यात उचलल्या गेल्या, म्हणून लागून राहिलं.

प्रज्ञा (३०४), ९:५२
हो, लागतंय. गेल्या वर्षी जूनमध्ये नेल्या, आता ऑगस्ट आलाय, अजून येरवड्यात आहेत आणि खटला उभाही राहिला नाही. दोषी की निर्दोष हे मला ठाऊक नाही, तुलाही नाही. कोर्टालाही अजून विचारलेलं नाही.

प्रज्ञा (३०४), ९:५३
हा मेसेज हटवला.

नीलेश (४०३), ९:५४
मी वाचला.

सुनीता काकू (२०१), ९:५८
काहून भांडता बाप्पा सकाळी सकाळी. उद्या फ्रेंडशिप डे आहे म्हणे.

वानखेडे काका (१०१), १०:१५
भांडणात पक्ष आणू नका, कारण त्यात कोणाचीच बाजू नीट उभी राहत नाही. काल राज्यसभेत आधी प्रवर समितीकडे पाठवा म्हणणाऱ्या काँग्रेसनं शेवटी बाजूनंच मत दिलं. आणि आरोपपत्राविना १८० दिवस ठेवण्याची तरतूद, जामीन मिळणं अवघड करणारं ते घट्ट कलम, हे २००८ च्या डिसेंबरात, मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरात आलं. तेव्हा सरकार कोणाचं होतं आठवा. एरवीच्या गुन्ह्यात ६० किंवा ९० दिवस असतात.

अग्रवाल (१०३), १०:१८
म्हणजे सगळ्यांनाच पाहिजे होता ना कायदा. मग झगडा कशाचा?

वानखेडे काका (१०१), १०:२७
झगडा मुदतीचा आहे, असं मला वाटतं. टाडा हा जुना दहशतवादविरोधी कायदा दर दोन वर्षांनी संसदेत परत जायचा, वाढवून घ्यावा लागायचा. १९९५ च्या मेमध्ये वाढवला नाही, संपला. नंतर तसाच पोटा कायदा आला तोही तीन वर्षांपुरता. २००४ मध्ये तो रद्द केला आणि त्यातली बरीच कलमं त्याच वर्षी या १९६७ च्या कायद्यात ओतली. याला मुदत नाही. परत कोणी विचारणार नाही की बाबा, अजून पाहिजे का?

तन्मय (४०१), १०:२९
काका, पोटा म्हणजे सावजी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लागतो तो का?

वानखेडे काका (१०१), १०:३३
चावट. पोटासाठी तर दोन्ही सभागृहं एकत्र बसवावी लागली होती, २६ मार्च २००२. राज्यसभेनं आधी नाकारलं होतं. ४२५ विरुद्ध २९६ नं पास. त्याआधी स्वतंत्र भारतात अशी बैठक दोनदाच झालेली, हुंड्याच्या कायद्याला १९६१ मध्ये आणि बँकांच्या एका विधेयकाला १९७८ मध्ये. आणि ज्यांनी पोटाला पाठिंबा दिला ते तमिळनाडूचे नेते वायको, त्याच वर्षी जुलैत त्यांच्या राज्याच्या पोलिसांनी त्यांना पोटाखालीच आत घातलं. एका भाषणावरून. वर्षाहून जास्त आत होते.

तन्मय (४०१), १०:३४
स्वतःच्याच पोटाखाली. 😀

नीलेश (४०३), १०:४१
मुंबई बॉम्बस्फोटातल्या याकूब मेमनला टाडातच फाशी झाली, आपल्या वर्धा रोडच्या जेलात. कायदा नसता तर? ज्यानं काही केलं नाही त्याला कशाची भीती?

वानखेडे काका (१०१), १०:४४
बरोबर. पण बघ, टाडा १९९५ ला संपला आणि फाशी ३० जुलै २०१५ ला. कायदा गेला तरी त्यातले खटले चालू राहतात. ज्यांच्यावर काही सिद्ध झालं नाही त्यांचेही. तुझं ते वाक्य मी सकाळपासून तीनदा वाचलं. चौथ्यांदा पाठवू नको, मोबाइल गरम होतो.

अर्चना (३०२), ११:०२
काका, माहितीबद्दल आभार. पण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही. नोटीस कुठल्या मीटिंगमध्ये ठरली? आई गेली तेव्हापासून ३०२ चं काही ना काही काढलं जातं. आधी पार्किंग, मग तुळशीची कुंडी, आता हे. मुलांपैकी एकाची सोमवारी परीक्षा आहे. वॉचमन त्याला गेटवर आधारकार्ड विचारतो आणि तुमच्या मेव्हण्याच्या गाडीला सलाम करतो.

राऊत (सेक्रेटरी), ११:०५
मेव्हण्याचा विषय इथे काढायची गरज नव्हती.

राऊत (सेक्रेटरी), ११:०६
पोत्याचं उत्तर द्या. अडीच वाजता कोण पोती चढवते?

सुनीता काकू (२०१), ११:१९
अहो त्या पोत्यात तांदूळ होता. एस.टी. रात्री उशिरा पोचते त्यांची. घरच्या शेतातला आहे. मी पाच किलो घेतला. भात असा मोकळा होते की विचारू नका.

भोयर (खजिनदार), ११:२१
मी पण ५ किलो. पैसे लगेच दिले होते, नोंद आहे.

अग्रवाल (१०३), ११:२३
आम्ही १५ किलो. भाव पण बाजारापेक्षा कमी लावला पोरांनी.

सुनीता काकू (२०१), ११:२४
राऊत वहिनींनी दहा नेला ना. मीच तर सोबत होते. दोघींनी मिळून लिफ्टनं खाली आणला.

तन्मय (४०१), ११:२४
राऊत काकांना चिंता नको. नवरा-बायकोला सूट आहे. कलम १९.

(१ तास ५० मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

भोयर (खजिनदार), दुपारी १:१४
१०३ व २०२ चे पैसे आले. धन्यवाद. राहिले ३०२ आणि ४०३.

राऊत (सेक्रेटरी), १:३०
सर्व सभासदांना नम्र विनंती. तांदूळ कोणी घेतला हा विषय नाही. विषय सुरक्षेचा आहे. मी सात वर्षं फुकटात सेक्रेटरीपद सांभाळून राहिलो. सोमवारपासून कोणाले करायचं असेल तर चाव्या घेऊन जा. पाण्याच्या मोटरीसकट.

सुनीता काकू (२०१), १:३२
असं नका म्हणू भाऊ. तुमच्याशिवाय त्या मोटरीले कोणी हात नाही लावू शकत.

अग्रवाल (१०३), १:३५
राऊत साहेब दिलाचे चांगले आहेत. एक चूक झाली असेल. नोटीस काढून टाका, बात खतम.

प्रज्ञा (३०४), १:४०
नुसती काढून नाही. जिथे तिघांची नावं लावली तिथेच लिहा की चूक झाली. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

नीलेश (४०३), १:४१
आता माफीनामा पण? उद्या काही निघालं तर हेच लोक विचारतील, आधी का नाही सांगितलं. तेव्हा सेक्रेटरीच्या घरी कोण येणार? तुम्ही?

वानखेडे काका (१०१), १:५५
नीलेशचा हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. शंका आली तर पोलिसांना सांगावं, ते काम त्यांचं. फळ्यावर लिहावं असं कोणताही कायदा सांगत नाही, कालचाही नाही.

राऊत (सेक्रेटरी), २:२०
ठीक आहे. वॉचमनले सांगतो. नाव काढतो. विषय बंद.

तन्मय (४०१), २:२२
या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत आपल्या सोसायटीचा बडग्या, म्हणजे पुतळा काढू. हातात नोटीस, गळ्यात मोटरीची चावी.

राऊत (सेक्रेटरी), २:२३
तन्मय, तुझ्या बाबांना फोन करतो मी.

तन्मयची आई (४०१), २:२५
भाऊ, त्याला काही कळत नाही. माफ करा. तन्मय, मोबाइल ठेव.

रविवार, ४ ऑगस्ट २०१९

नीलेश (४०३), सकाळी ६:५०
फॉरवर्ड केलेला मेसेज : *अत्यंत महत्त्वाचे. आजपासून नवीन कायदा लागू. अतिरेक्याला घर देणाऱ्याचा फ्लॅट जप्त…*

वानखेडे काका (१०१), ७:०१
🙏

अर्चना (३०२), ७:३०
राऊत साहेब, २०० रुपये आत्ता पाठवले. नोटीस निघाली का?

वानखेडे काका (१०१), ७:४८
दूध आणायला गेलो होतो तेव्हा पाहिली. कागद तोच आहे. "संशयास्पद" या शब्दावर आणि तिन्ही नावांवर निळ्या पेनानं एकेक रेघ मारली आहे. फोटो पाठवतो.

अर्चना (३०२), ७:५०
काका, सगळं वाचता येतंय.

वानखेडे काका (१०१), ७:५१
हो. चश्म्याविना मलाही येतंय.

राऊत (सेक्रेटरी), ७:५५
वॉचमनले काढ म्हटलं होतं, त्यानं रेघ मारली. फळ्याची किल्ली कालपासून सापडून नाही राहिली.

भोयर (खजिनदार), ८:१०
टँकर गेटवर आला आहे. पाइप टाकीपर्यंत पुरत नाही. ३०२ च्या मुलांना कोणी लवकर खाली पाठवा, धरायला लागेल.