लघुग्रहाचं ‘भाकीत’ की ‘शक्यता’?

प्रश्न : ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर आदळेल असं ‘भाकीत’ आहे, असं २०२५च्या फेब्रुवारीत वाचलं होतं. पुढे ते बारगळलं. आई अजून म्हणते, ‘बघ, खोटं ठरलं.’ इथे भाकीत शब्द चालतो का? आणि टक्कर, धडक की आघात?

— भाकीत नकोच. ‘भाकणं’ आता भविष्य आणि करुणा या दोघांपुरतंच उरलंय. भाकितात ‘होणार’ असं ठाम सांगणं असतं. नासाचा सर्वांत मोठा आकडा होता ३.१ टक्के, म्हणजे चुकण्याची बाजू ९६.९. त्यात खोटं ठरण्यासारखं काय होतं? दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ शिकलोय, तोच शब्द वापरावा.

— संभाव्यता पुस्तकात ठीक. बोलताना ‘शक्यता’ म्हणा, पण आकड्यासकट. नुसतं ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणजे काहीच न म्हणणं.

— पण शक्यता आधी वाढत गेली आणि मग एकदम घसरली, हे कसं?

— थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून कक्षा काढली, की त्या तारखेला लघुग्रह नेमका कुठे असेल हे कळत नाही. एक लांबलचक पट्टा मिळतो. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी त्यात आहे तोवर तिचा वाटा वाढतच जातो. पट्ट्याचं टोक तिच्यावरून सरकलं की आकडा कोसळतो. अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचंही तेच झालं. २००४च्या डिसेंबरात त्याचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत गेला होता. आता १३ एप्रिल २०२९ला हा लघुग्रह सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल. ही तारीख मात्र खुशाल ‘वर्तवली’ म्हणा, हवामान खातं अंदाज वर्तवतं तशी.

— टक्कर दोघांची होते, एडक्यांसारखी. इथे एक जण येऊन आदळतो, म्हणून आघात. लोणारचं सरोवर आघात-विवरातच आहे. जाता जाता : अवकाशात असतो तो लघुग्रह, आकाशात पेटलेली रेघ दिसते ती उल्का, जमिनीवर सापडतो तो अशनी. बातम्यांत तिन्हींची सरमिसळ असते. संस्कृतात अशनि म्हणजे वज्र, वीज. शब्द छान निवडलाय कुणीतरी.

— आभार. आईला ‘शक्यता’ पटलं. ‘आघात’ म्हटलं की मात्र तिला पक्षाघातच आठवतो. आमच्या घरी ‘आदळणं’च राहील.