मदत हवी आहे : दुभत्याच्या कपाटाचं लाख पॉलिश पांढरं पडलं, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची चार एकर, कापूस आणि सोयाबीन. माझे मामाजी (सासरे) सुतार होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी पाच वर्षं माळ्यावर पडून होती. दोन वर्षांपूर्वी ती मी खाली काढली. गावातल्या एका वयस्कर सुतारकाकांना सोबत घेतलं आणि जुनं लाकडी सामान विकत घेऊन, दुरुस्त करून, पॉलिश करून विकायला लागले.

आमच्याकडे घरकुल मंजूर झालं की जुनं मातीचं घर पाडतात आणि आतलं लाकूड भंगारवाल्याला जातं, नाहीतर फाटे म्हणून चुलीत. मागच्या उन्हाळ्यात एका घरी घडवंचीचे (भांडी-पेट्या ठेवायच्या लाकडी मांडणीचे) पाय चुलीत जळताना पाहिले. सागवानाचे, कातलेले, हाताच्या मनगटाएवढे. तेव्हापासून कुठे घर पडतंय कळलं की मी जातेच.

आता अडचण सांगते. उन्हाळ्यात एक दुभत्याचं कपाट (दूध-दही-तूप ठेवायचं) मिळालं. साडेचार फूट उंच, जाळीची दोन दारं, आत तीन फळ्या, सगळं सागवान. नागपूरच्या एका ताईंना पुस्तकांसाठी हवं होतं. जाळी नवी लावली, सांधे उघडून पुन्हा चिकटवले, ८० नंबरपासून २२० पर्यंत पॉलिश पेपर मारला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लाखेचं पॉलिश केलं. तेव्हा आमच्याकडे झड लागलेली होती. सहा दिवस सूर्य दिसला नाही. पण ताईंना तारीख दिलेली, म्हणून थांबले नाही.

पॉलिश करतानाच दारांवर दुधाळ झाक आली. वाटलं, वाळल्यावर जाईल. गेली नाही. दहा दिवसांनी गोधडीत गुंडाळून टेम्पोने पाठवलं, आणि ताईंनी फोटो पाठवला तर एका बाजूला गोधडीची वीण जशीच्या तशी उमटलेली, टाक्यासुद्धा मोजता येतील अशी. मधली फळी तर अजून चिकट आहे, पुस्तक ठेवलं तर कव्हर धरून ठेवते. ताई रागावल्या नाहीत, पण "परत घेता का?" असं विचारलं आहे. त्यांनी १४,००० पूर्ण दिलेत. मला त्यांचं नुकसान होऊ द्यायचं नाही.

पॉलिश मार्चमध्ये कालवलेलं होतं, लोखंडी डब्यात. तेच वापरलं. वरून टचवूडचा (तयार पारदर्शक वॉर्निशचा) एक हात मारला तर झाकलं जाईल, असं दुकानदार म्हणाला. सासूबाई म्हणतात, "ते पावसायात लाखेले हातच लावत नोहते." पण का लावत नव्हते, ते त्यांना सांगता येत नाही, आणि विचारायला मामाजी नाहीत.

आणखी दोन-तीन गोष्टी अडल्यात. एका बंगईच्या (झोपाळ्याच्या) फळीला कडेने बारीक भोकं आहेत, खाली पिठासारखी भुकटी पडते. मी रॉकेल लावलं, महिन्याने पुन्हा भुकटी. एक पाळणा मिळाला आहे, त्यावर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत. घासायला सुरुवात केली आहे, माझा सात वर्षांचा मुलगा पण हौसेने पेपर मारतो. आणि भाव. कपाट ३,५०० ला घेतलं, गावात आणायला १,२००, सामान ९००, काकांची सहा दिवसांची मजुरी ३,६००, नागपूरला पोचवायला २,५००. म्हणजे ११,७०० गेले, माझ्या हातात २,३०० राहिले. मी अकरा दिवस राबले होते. चुकतंय कुठे?

जुना पॉलिशवाला, नागपूर

ताई, तीस वर्षं हेच केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. टचवूड अजिबात मारू नका. खालचा थर मऊ आहे, वर कडक थर चढवला की तडे जातील आणि मग सगळंच खरवडावं लागेल.

तुमच्या कपाटाला एक नाही, तीन दुखणी आहेत. पांढरेपणा हा दमट हवेचा. स्पिरिट झपाट्याने उडतं, उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेतलं पाणी त्यावर बसून लाखेच्या थरात अडकतं. थंड लोट्यावर बाहेरून थेंब धरतात ना, तसंच. तुमचे मामाजी पावसाळ्यात लाखेला हात लावत नसत ते यामुळेच.

गोधडीची वीण उमटली ते जुन्या पॉलिशमुळे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की तिचं वय सुरू होतं. चार-सहा महिन्यांनी ती नीट कडक होत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर त्याआधीच बिघडते. लोखंडी डब्यात रंगही काळपट होतो. काचेची किंवा प्लास्टिकची बरणी घ्या, वर कालवल्याची तारीख लिहा. शंका आली तर काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नखाने टोचून खूण पडली तर ते पॉलिश फेकून द्या.

आता मधली फळी. दुभत्याचं कपाट आहे, तिथे वर्षानुवर्षं तुपाची बरणी बसलेली असणार. तूप लाकडात मुरलेलं असतं, पेपर मारून जात नाही. फळीला नाक लावून बघा, वास येईल. थिनरने पुसा, दर वेळी नवं फडकं घ्या, फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. धुण्याचा सोडा लावू नका, सागवान काळं पडतं.

चांगली गोष्ट अशी की लाख कितीही जुनी असली तरी स्पिरिटने निघते. पुन्हा घासायची गरज नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवत थर उतरवा, दोन दिवस वाळू द्या, मग लिटरभर स्पिरिटला २०० ग्रॅम चपडा लाख (पापुद्र्यांसारखी मिळते ती) या हिशेबाने ताजं पॉलिश कालवा, रात्रभर ठेवून कपड्यातून गाळा. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात बांधून पातळ पातळ हात द्या. सलग दोन दिवस कोरडं ऊन पडेपर्यंत सुरू करू नका. काम करताना जवळ चूल, बिडी काही नको, स्पिरिट पेट घेतं.

कपाटाला लाख शोभते. जेवणाच्या टेबलाला मात्र देऊ नका, गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं आणि सॅनिटायझर सांडलं तर थर विरघळतो.

वर्धेकर सुतार

बंगईच्या फळीचं सांगतो. भोकं फळीच्या पिवळट-पांढऱ्या पट्ट्यात आहेत की तांबूस भागात, ते आधी बघा. माझी खात्री आहे पांढऱ्यातच असतील. सागवानाच्या गाभ्यात कीड सहसा जात नाही, बाहेरच्या कच्च्या लाकडात घुण लागतो. रॉकेल उडून जातं, आतल्या अळीपर्यंत पोचत नाही.

आधी सगळी भुकटी झटका, भोकांभोवती पेन्सिलने खुणा करा आणि फळी काळ्या कागदावर ठेवा. पंधरा दिवसांत ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. मग बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड गरम पाण्यात विरघळवून लाकडाला दोन-तीनदा पाजा, मोठ्या भोकांत सुईच्या पिचकारीने सोडा. हे उघड्या लाकडालाच लागू होतं, पॉलिशवरून उपयोग नाही. पट्टा इंचभरच असेल तर मी सरळ कापून काढीन आणि फळी थोडी अरुंद करीन. बंगई आहे, माणूस बसणार आहे, पोखरलेल्या कडेला कडी ठोकू नका.

आणि सगळंच जुनं लाकूड सागवान समजून घेऊ नका. आपल्याकडे बिजा, साजा, हळदू भरपूर वापरलेलं आहे. बिजाचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला की पाणी रंगतं. ग्राहकाला जे आहे तेच सांगा, बिजाही चांगलंच लाकूड आहे.

आर्वीची ताई

बाकी सगळं नंतर. पाळणा घासणं आजच थांबवा, आणि मुलाला तिथून दूर करा.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. तुमच्या पाळण्यावरचे थर नक्कीच त्याआधीचे आहेत. कोरडा पेपर मारला की ती धूळ हवेत जाते, हाताला लागते, भाकरीबरोबर पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. जिथे घासलं ती जागा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कपडे वेगळे धुवा. मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

रंग काढायचाच असेल तर पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच पत्र्याने खरवडा, अंगणात, चांगला मास्क आणि हातमोजे घालून. ब्लोअरने तापवू नका. आणि मनापासून सांगते, तो पाळणा बाळासाठी म्हणून विकू नका. बाळं कठडा चावतात. कोपऱ्यात रंग राहतोच. त्याची उशा-पांघरुणांची पेटी करा, कुंड्यांचा स्टँड करा.

एक राहिलं. कोणी जवसाचं तेल लावायला सांगेल. घाणीवरचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, उकळलेलं लवकर वाळतं. पण त्यात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटतात, काडी लावावी लागत नाही. तुमच्या घरात कापूस भरलेला असतो. फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धागाकर्ती

ताई, वाचून हातपाय गार पडले. पाळणा गोठ्याच्या मागे प्लास्टिकमध्ये झाकून ठेवला, ओसरी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. मुलाला सोमवारी यवतमाळला दाखवते आहे.

दादा, मधल्या फळीवर अजून एक फळी होती, तिचा तुकडा माझ्याकडे उरला आहे. नाक लावलं. तुपाचाच वास. दोन वर्षं मी हे काम करते आणि हे सुचलं नाही.

चंद्रपूरकर

भावाबद्दल. तुम्ही काकांची रोजची ६०० मजुरी धरली, स्वतःची शून्य. अकरा दिवस तुमचेही तसेच धरा, ६,६०० होतात. म्हणजे ते कपाट १८,३०० च्या खाली परवडतच नाही, आणि दुरुस्तीसाठी परत जावं लागलं तर तेही नाही. पोचवायचा खर्च किमतीत घालू नका, वेगळा सांगा. दोन-तीन नग जमले की एकाच फेरीत पाठवा.

सागवान आहे म्हणून एक काळजी घ्या. घर पाडणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना पावती घ्या, आणि ती वस्तू त्यांच्या घरात उभी असतानाचा फोटो काढा. सुटी दारं, चौकटी, फळ्या टेम्पोत भरलेल्या दिसल्या की नाक्यावर अडवतात, कारण आमच्या-तुमच्या जिल्ह्यांत सागवानाची चोरटी तोड होते. वाहतूक परवाना कशाला लागतो ते निघण्याआधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

सुतारकाकांनी पीएम विश्वकर्माची नोंदणी केली आहे का? सप्टेंबर २०२३ ची योजना आहे, १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० पर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या दर दिवसाचे ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत. सेवा केंद्रात आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जायचं. तुम्ही स्वतः हातहत्यारांनी काम करता, तर तुमच्या नावानेही विचारा. एका कुटुंबात एकालाच मिळते, पण काकांचं कुटुंब वेगळं आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहिते आहे, निंदण चालू होतं.

काचेवर दोन थेंब टाकले होते. मार्चच्या डब्यातला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही बोटाला ओढत होता. यवतमाळहून आणलेल्या नव्या लाखेचा, दादांनी सांगितलेल्या मापाने कालवलेला, सकाळी टाकला तो दुसऱ्या दिवशी नखाला दाद देईना. जुना डबा ओतून दिला.

मुलाला डॉक्टरांनी तपासलं, रक्त दिलं आहे, अहवाल यायचा आहे.

नागपूरच्या ताईंना फोन केला. कपाट खराब होण्यात चूक माझी आहे, पैसे परत हवे असतील तर देते, नाहीतर घरी येऊन नवं पॉलिश करून देते, जाण्यायेण्याचा खर्च माझा, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, या, गच्ची मोकळी आहे. पोळ्यानंतर ऊन बघून मी आणि काका जाणार आहोत, दोन दिवस थर उतरवून वाळवायला आणि दोन दिवस पॉलिशला. मधली फळी काढून आधी इकडे पाठवा म्हटलं आहे, तिच्यावर थिनरचं काम मी घरीच करीन.

दादा, फळीवरचं तूप पूर्ण निघालं हे फडक्यावरूनच ओळखायचं, की पॉलिशआधी आणखी काही तपासता येतं?

जुना पॉलिशवाला, नागपूर

फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. तूप असेल तिथे थेंब गोल मण्यासारखा उभा राहील, नसेल तिथे पसरून मुरेल. सागवानात स्वतःचंही थोडं तेल असतं, म्हणून त्याच झाडाच्या, तूप न लागलेल्या फळीवर शेजारी थेंब टाकून ताडून बघा. दोन्हीकडे सारखा दिसला की सुरू करा. नागपूरला कधी येताय ते कळवा, बोळा कसा बांधायचा आणि हात कसा फिरवायचा ते समोर दाखवतो, लिहून नीट कळत नाही.