मॉरिस नृत्य खरोखर किती प्राचीन आहे?

प्रश्न:
इंग्लंडमध्ये १ मेच्या पहाटे पांढऱ्या कपड्यांतील मंडळी नडग्यांना घुंगरांचे पट्टे बांधून, रुमाल फडकवत किंवा काठीवर काठी आपटत नाचतात. हा ख्रिस्ती धर्मापूर्वीचा सुफलताविधी असल्याचे अनेकदा वाचले आहे. त्याला काही पुरावा आहे, की रुमाल फडकवणाऱ्या प्रौढ गृहस्थांना एखादे भारदस्त कारण हवे होते?

प्रतिसाद १:
दुसरी शक्यता अधिक दिसते. सर्वांत जुनी ज्ञात नोंद १४४८ची असून ती लंडनच्या सोनारांच्या संघाच्या हिशेबात आहे: मॉरिस नर्तकांना ७ शिलिंग दिले. म्हणजे हे नृत्य इतिहासात अवतरते तेच मुळी बिदागी घेऊन. आरंभी ते दरबारी आणि धनिकांच्या करमणुकीचे होते; खेड्यांत ते पुढे रुजले. सुफलतेचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अभ्यासकांनी लावला, आणि त्यांना काठी दिसली की विधी दिसत असे.

प्रतिसाद २:
विल केम्पला विसरू नये. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीत काम केलेला हा विनोदी नट १६०० मध्ये लंडनहून नॉरिचपर्यंत, शंभराहून अधिक मैल, मॉरिस नाचत गेला. नऊ दिवसांत पोहोचल्याचे त्याने पुस्तिका छापून जाहीर केले. मधले विश्रांतीचे दिवस मात्र त्या नवात धरलेले नाहीत.

प्रतिसाद ३:
आजच्या मॉरिसचे श्रेय थोडे थंडीलाही द्यावे लागेल. २६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे लोकसंगीताचे संग्राहक सेसिल शार्प यांनी हे नृत्य प्रथम पाहिले. वास्तविक तो त्याचा हंगाम नव्हता, पण हिमामुळे बांधकामे थांबल्याने हातात काम नसलेले मजूर चार पैशांसाठी नाचायला निघाले होते. त्यांच्यातील कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारे विल्यम किंबर यांच्याकडून शार्प यांनी चाली लिहून घेतल्या. १९०५ मध्ये मेरी नील यांच्या लंडनमधील मंडळातील शिवणकाम करणाऱ्या मुली किंबर यांच्याकडूनच हे नृत्य शिकल्या, आणि पुनरुज्जीवनाला खरा वेग आला. तरीही १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉरिस रिंग’ या नृत्यपथकांच्या संघटनेने केवळ पुरुषांनाच प्रवेश दिला, तोही परंपरेचा हवाला देऊन! स्त्रियांनी १९७५ मध्ये आपला स्वतंत्र महासंघ काढला.

प्रश्नकर्ता:
मग इंग्लंडमधील ॲबट्स ब्रॉमली या गावी शिंगे घेऊन नाचतात, त्या शिंगनृत्यातील रेनडिअरची शिंगे? कार्बन चाचणीत ती अकराव्या शतकातील ठरली आहेत.

प्रतिसाद १:
शिंगे अकराव्या शतकातील आहेत, हे मान्य. पण ती घेऊन तेथे नाचत असल्याचे लेखी वर्णन सतराव्या शतकातले आहे. मधल्या काळात ती कोणाकडे होती, हे शिंगे सांगत नाहीत.